कृष्णधवल प्रिंटमध्ये हिरवट झाक: आधी शाई बदलावी की सॉफ्टवेअर?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सहा रंगांचा, डाय शाईचा (विरघळलेल्या रंगाच्या शाईचा) फोटो प्रिंटर आहे. रंगीत फोटो छान येतात, पण कृष्णधवल प्रिंट खिडकीपाशी हिरवट दिसतो आणि रात्री दिव्याखाली जांभळट. सावल्यांमधला तपशील काळ्यात बुडतो. मॅट कागदावर तर काळा काळा वाटतच नाही, गडद राखाडी वाटतो. एकानं कार्बन शाई (कार्बनच्या काळ्या-राखाडी शायांचा संच) भरायला सांगितलं, दुसऱ्यानं क्वाडटोन रिप (प्रिंटर कंपनीच्या सॉफ्टवेअरऐवजी छपाई चालवणारा प्रोग्रॅम) घ्यायला सांगितलं, आणि आता आधी काय बदलायचं असा पेच आहे.

यात एक नाही, तीन तक्रारी आहेत आणि तिन्हींची कारणं वेगळी आहेत. झाक येते ती शाईमुळे. सावल्या बुडतात त्या बहुतेक वेळा स्क्रीन आणि सेटिंगमुळे. मॅटवरचा फिका काळा हा कागद आणि काळी शाई यांचं जमत नसल्याचा परिणाम. हे तीन धागे सुटे केले नाहीत तर तुम्ही महागडी शाई भराल, झाक जाईल, आणि सावल्या आहेत तिथेच बुडालेल्या राहतील. मग दोष शाईला.

झाकेपासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथेच आहे. तुमच्या प्रिंटरमध्ये निळी, किरमिजी, पिवळी, काळी आणि पहिल्या दोघींच्या फिक्या आवृत्त्या अशा सहा शाया असणार. राखाडी शाई नाही. त्यामुळे मधला राखाडी रंग हवा असला की प्रिंटर निळा, किरमिजी आणि पिवळा यांचे बारीक ठिपके शेजारीशेजारी टाकून तो ‘जमवतो’. काळी शाई मुख्यतः गडद भागात येते. दहापट मोठं दाखवणारं भिंग घेऊन चेहऱ्यावरच्या मधल्या टोनकडे पाहा, रंगीत ठिपके स्पष्ट दिसतील. हा जमवलेला राखाडी एका ठराविक प्रकाशात तटस्थ दिसतो. प्रकाश बदलला की तिन्ही रंगद्रव्यं तो आपापल्या पद्धतीनं परावर्तित करतात आणि तोल ढळतो. याला मेटॅमेरिझम म्हणतात. २००० साली आलेला एप्सनचा २०००पी हा पिगमेंट शाईचा (न विरघळणाऱ्या बारीक रंगकणांच्या शाईचा) प्रिंटर तर दिवसाच्या उजेडात हिरवा पडण्यासाठीच लक्षात राहिला.

यावर सॉफ्टवेअरचा इलाज अर्धवट आहे. तुम्ही उत्तम आयसीसी प्रोफाइल (ठराविक प्रिंटर आणि कागदासाठीची रंगांची माहिती-फाइल) बनवून घेतली तरी ती सहसा डी५० या प्रमाण प्रकाशासाठी गणित करते. त्या प्रकाशात राखाडी नेमका बसेल, पण तुमच्या भिंतीवरच्या दिव्याखाली पुन्हा सरकेल. झाक कमी करायची तर प्रिंटमध्ये रंगीत शाईचं प्रमाण कमी करायला हवं, आणि त्यासाठी प्रिंटरमध्ये राखाडी शाई हवी. एप्सननं २००५ मध्ये के३ शाई आणली ती याच कारणानं: काळी, फिकी काळी आणि अतिफिकी काळी अशा तीन पायऱ्या. आर२४०० या प्रिंटरपासून ती पद्धत रुळली. कॅननच्या प्रो-१००० मध्ये दोन राखाडी शाया आहेत, प्रो-२०० या डाय प्रिंटरमध्येही दोन आहेत, प्रो-३०० मध्ये मात्र एकच. एकच असली तरी काम होतं. फक्त फिक्या टोनमध्ये प्रिंटरला रंगीत शाईचा आधार जास्त घ्यावा लागतो.

आता सावल्या. इथे मी शाईचा विचारच करत नाही, आधी स्क्रीनची चमक पाहतो. बाजारातून आणलेला मॉनिटर जसाच्या तसा वापरला तर तो प्रिंटपेक्षा कितीतरी उजळ असतो. त्यावर फोटो नीट दिसेल इतका तुम्ही तो गडद करता, आणि प्रिंट काजळतो. चमक ८० ते १२० कँडेला प्रति चौरस मीटरच्या दरम्यान आणा. अंधाऱ्या खोलीत काम करत असाल तर खालच्या टोकाला. दुसरी शक्यता म्हणजे रंगव्यवस्थापन दोनदा होतंय: फोटोशॉपमध्ये प्रोफाइल लावली आणि ड्रायव्हरमध्येही (प्रिंटरसोबत येणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) रंगसुधारणा चालू राहिली. तिसरी, मीडिया टाइप, म्हणजे ड्रायव्हरमध्ये निवडलेला कागदाचा प्रकार, चुकीचा. मॅट कागद घालून ड्रायव्हरला ग्लॉसी सांगितलं की शाईचं प्रमाण त्या कागदाला झेपेनासं होतं.

शोध कसा घ्यायचा? एकवीस पायऱ्यांची पट्टी छापा. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत, दर पायरी पाच टक्क्यांनी गडद. फोटोशॉपमध्ये दहा मिनिटांत बनते. छापल्यावर ९०, ९५ आणि १०० हे तीन चौकोन एकमेकांपासून वेगळे ओळखू येतात का ते पाहा. चांगल्या ग्लॉसी कागदावर ते यायला हवेत. ८५ पासून पुढे सगळं एकच काळं दिसत असेल तर दोष तुमच्या फोटोत नाही, छपाईच्या साखळीत आहे. उलट पट्टी नीट आली आणि फोटो तरीही काळवंडला, तर साखळी ठीक आहे, स्क्रीन खोटं बोलतेय. एवढ्या एका पट्टीनं अर्धं निदान होतं. तरी लोक ती छापत नाहीत, थेट आवडता फोटो मोठ्या आकारात छापतात आणि मग कपाळाला हात लावतात.

मॅटवरच्या काळ्याबद्दल थोडं वास्तव सांगतो. ग्लॉसी किंवा बरायटा (जुन्या डार्करूमच्या कागदासारख्या, किंचित झिलईच्या) कागदावर चांगली काळी शाई साधारण २.२ ते २.५ इतकी घनता गाठते; आकडा जितका मोठा तितका काळा गडद. मॅट कागदावर उत्तम मॅट ब्लॅक (मॅट कागदासाठीची काळी शाई) वापरूनही १.६ ते १.७ च्या आसपासच थांबावं लागतं, कारण खडबडीत पृष्ठभाग प्रकाश सगळीकडे विखुरतो. म्हणजे मॅटवरचा सगळ्यात गडद काळासुद्धा प्रकाशाचे दोन टक्क्यांहून थोडे जास्त किरण परत पाठवतो. बरायटावर हेच प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतं. ही मॅटची जात आहे, दोष नाही. पण तुम्हाला ‘गडद राखाडी’ दिसतोय तो याहून वाईट प्रकार असावा: ग्लॉसीसाठीची फोटो ब्लॅक मॅट कागदावर पडतेय. ती तिथे खोल शोषली जाते आणि मलूल दिसते. उलटं करायला जाऊ नका. मॅट ब्लॅक ग्लॉसीवर नीट बसत नाही, बोटाला लागते.

म्हणून मी शाईच्या आधी कागद ठरवायला सांगतो. तुमचा हात मॅट, सुती कागदाकडे वळतो की बरायटाकडे, यावर पुढची बहुतेक उत्तरं अवलंबून आहेत.

कागद ठरला की शाईच्या तीन वाटा उरतात.

पहिली, डाय. ती कागदात मुरते, त्यामुळे ग्लॉसीवर सलग झिलई आणि खोल काळा मिळतो. तिरकं धरल्यावर दिसणारी तांबूस चकाकी, म्हणजे ब्रॉन्झिंग, येत नाही. दोन राखाडी असलेला डाय प्रिंटर ग्लॉसीवर देखणे कृष्णधवल प्रिंट देतो, हे कबूल करायला हवं. पण उजेड आणि हवेतला ओझोन या दोन्हींपुढे ती पिगमेंटपेक्षा कमी टिकते, आणि राखाडीतला एखादा रंग आधी उडाला की उरलेल्यांची झाक उघडी पडते. काचेआड किंवा अल्बममध्ये ठेवणार असाल तर फरक बराच कमी होतो.

दुसरी, प्रिंटर कंपनीची स्वतःची पिगमेंट शाई, राखाडींसह. मॅट आणि बरायटा दोन्हींवर चालते, टिकाऊ असते, आणि रंगीत फोटोही छापता येतात. बरायटावर थोडं ब्रॉन्झिंग आणि झिलईतला फरक दिसू शकतो: कोरा पांढरा भाग आणि शाई लागलेला भाग वेगळे चमकतात. कॅनन त्यासाठी प्रो-३०० आणि प्रो-१००० मध्ये क्रोमा ऑप्टिमायझर नावाचा पारदर्शक थर देते. एप्सनच्या जुन्या पी६०० आणि पी८०० मध्ये मॅट आणि फोटो ब्लॅक एकच वाट वापरतात आणि दर बदलाला शाई वाया जाते; पी७०० आणि पी९०० मध्ये दोन्हींना स्वतंत्र वाट आहे. दोन्ही प्रकारचे कागद आलटूनपालटून वापरणाऱ्यासाठी हा मुद्दा रंगांच्या संख्येपेक्षा महत्त्वाचा.

तिसरी वाट तुम्हाला सुचवलेली: खास कृष्णधवल शायांचा संच. यात रंगीत शाया काढून त्यांच्या जागी काळ्याच्या वेगवेगळ्या फिक्या पायऱ्या भरतात. पिझोग्राफी या ब्रँडच्या संचात सात छटांपर्यंत मजल जाते. फायदा खरा आहे. फिक्या भागात गडद ठिपके विरळ टाकण्याऐवजी फिकी शाई दाट टाकली जाते, म्हणून आकाश किंवा गालावरची त्वचा भिंगाखालीसुद्धा सलग दिसते. रंगीत शाई नसेल तर मेटॅमेरिझमचा प्रश्नही जवळजवळ संपतो.

पण दोन गोष्टी विक्रेता आधी सांगत नाही. शुद्ध कार्बनचा रंग मुळात उबदार, तपकिरीकडे झुकलेला असतो. तुम्हाला थंड किंवा तटस्थ राखाडी आवडत असेल तर त्यात निळसर रंगद्रव्य मिसळावं लागतं, आणि टिकाऊपणात तेच कच्चं असतं. वर्षं गेल्यावर ते आधी उडतं आणि प्रिंट उबदारपणाकडे सरकतो. दुसरं, तो प्रिंटर रंगीत छपाईतून कायमचा बाद. शिवाय चिप, फर्मवेअर अपडेट आणि वॉरंटीच्या कटकटी वेगळ्या. पिगमेंट तळाला बसतं, त्यामुळे असा प्रिंटर महिनोन्महिने बंद ठेवला की हेड तुंबतं. दर आठवड्याला निदान एक नोझल चेक (शाईची सगळी छिद्रं चालू आहेत का ते दाखवणारा नमुना) छापण्याची सवय नसेल तर या वाटेला जाऊ नका. तुमच्याकडे एकच प्रिंटर आहे आणि त्यावर घरचे रंगीत फोटोही छापले जातात, म्हणजे तुमच्यापुरतं माझं उत्तर ‘नको’ असंच आहे.

सॉफ्टवेअरकडे वळू. इथे लोक दोन टोकं गाठतात: एक तर ड्रायव्हरमधलं पहिलं दिसेल ते बटण दाबतात, नाही तर पहिल्याच दिवशी रिप विकत घेतात.

राखाडी शाई असलेल्या प्रिंटरच्या ड्रायव्हरमध्ये कृष्णधवलसाठी स्वतंत्र मोड असतो. एप्सनमध्ये त्याचं नाव ॲडव्हान्स्ड ब्लॅक अँड व्हाइट, कॅननमध्ये ब्लॅक अँड व्हाइट फोटो. हा मोड राखाडी शाया मुख्य धरतो आणि रंगीत शाई फक्त चवीपुरती, कार्बनचा उबदारपणा सावरण्याइतकी वापरतो. फोटोशॉपमध्ये ‘प्रिंटर मॅनेजेस कलर्स’ निवडायचं आणि पुढचं सगळं ड्रायव्हरवर सोपवायचं. बहुतेकांचं समाधान इथेच होतं आणि व्हायला हरकत नाही. मर्यादा दोन. एक म्हणजे ड्रायव्हर बाय डिफॉल्ट टोन गडद ठेवतो; एप्सनच्या बऱ्याच ड्रायव्हरमध्ये ‘डार्कर’ निवडलेलं असतं, ते ‘डार्क’ किंवा ‘नॉर्मल’वर आणून पट्टी पुन्हा छापून पाहा. दुसरी म्हणजे त्याच्या आतली वक्ररेषा (कुठल्या टोनला किती शाई, याचं गणित) कंपनीच्या कागदांना धरून असते; दुसऱ्या कागदावर ती बसेलच असं नाही.

हीच दुसरी मर्यादा तुम्हाला टोचू लागली, की क्वाडटोन रिपचं काम सुरू होतं. रॉय हॅरिंग्टन यांनी बनवलेलं हे सॉफ्टवेअर ड्रायव्हरला बाजूला सारून प्रत्येक शाई कुठल्या टोनला किती पडावी हे थेट तुमच्या हातात देतं. पण ते एप्सनसाठी आहे, आणि तेही ठराविक मॉडेल्ससाठी. कॅननवर चालत नाही. तेव्हा पैसे देण्याआधी आपलं मॉडेल यादीत आहे का ते पाहा. तुमच्या सध्याच्या प्रिंटरवर ते चाललं तरी राखाडी शाई कुठून आणणार? ते असलेल्या शाया नीट वाटून देतं, नसलेली शाई निर्माण करत नाही.

त्याची खरी ताकद लिनिअरायझेशनमध्ये, म्हणजे टोनच्या पायऱ्या समान अंतरावर आणण्यात आहे. समजा, मॅट कागदाचा पांढरा एल मूल्यात (उजळपणाचं माप, ० काळा आणि १०० पांढरा) ९६ आहे आणि सर्वांत गडद काळा १७. मग ५० टक्क्यांचा चौकोन या दोन्हींच्या मध्ये, ५६ किंवा ५७ ला यायला हवा. तो ४८ वाचला तर मधले सगळे टोन खाली दबलेत, म्हणजे चेहरे काळवंडणार. एकवीस चौकोन मोजून ते आकडे रिपला दिले की तो वक्ररेषा सरळ करतो आणि पायऱ्या समान अंतरावर येतात. मोजायला स्पेक्ट्रोफोटोमीटर हे रंग मोजायचं उपकरण उत्तम. नसेल तर फ्लॅटबेड स्कॅनरही चालतो, फक्त त्यातल्या सगळ्या आपोआप सुधारणा बंद करायच्या आणि शेजारी मूल्यं माहीत असलेली पट्टी ठेवायची.

त्याआधीची एक पायरी लोक गाळतात: शाईची मर्यादा. मॅट कागदावर काळी शाई वाढवत गेलात तर एका टप्प्यानंतर ती आणखी काळी होत नाही. उलट डबक्यासारखी साचते, वाळल्यावर ठिपकेदार दिसते आणि मोजली तर किंचित उजळ निघते. रिपच्या कॅलिब्रेशन मोडमध्ये प्रत्येक शाईची स्वतंत्र पट्टी छापून हा टप्पा शोधायचा आणि मर्यादा त्याच्या थोडी अलीकडे बांधायची. ही मर्यादा चुकली तर पुढचं सगळं मोजमाप वाया. कागद बदललात की हे काम पहिल्यापासून, म्हणून दोनच कागद ठेवा, एक मॅट आणि एक बरायटा. दहा कागदांचे नमुने ठेवणारा माणूस शेवटी एकाही कागदावर बरा प्रिंट काढत नाही, असं माझं मत आहे.

मोजमापाचा कंटाळा असेल आणि खर्चाची तयारी असेल तर इमेजप्रिंटसारखा व्यावसायिक रिप आहे. तो असंख्य कागदांच्या तयार प्रोफाइल देतो, राखाडीसाठीच्या वेगळ्याही. रोज ग्राहकांसाठी छापणाऱ्याला तो परवडतो.

फाइलबद्दल थोडक्यात. क्वाडटोन रिपसाठी ग्रे गॅमा २.२ ही प्रोफाइल, सोळा बिट. एप्सनला ३६० पीपीआय (दर इंचाला पिक्सेल), कॅननला ३००. मॅकवर ऑपरेटिंग सिस्टिम मध्येच रंगप्रोफाइल घुसवू नये म्हणून क्वाडटोन रिपच्याच निर्मात्याचं प्रिंट-टूल वापरतात. विंडोजवर रिपच्या स्वतःच्या खिडकीतून टिफ फाइल थेट छापता येते.

टिकाऊपणाच्या जाहिरातींवर विसंबताना एक भान ठेवा. विल्हेल्म इमेजिंग रिसर्चसारख्या संस्थांचे आकडे एका ठराविक शाई आणि ठराविक कागदाच्या जोडीचे असतात. ‘पिगमेंट आहे, म्हणजे टिकणार’ असं म्हणून भलत्याच बाटलीतली शाई भरली तर ते आकडे तिला लागू होत नाहीत. झगझगीत पांढऱ्या कागदात बहुधा ऑप्टिकल ब्राइटनर (कागद जास्त पांढरा दाखवणारी रसायनं) असतात; ते कालांतराने दमतात, कागद पिवळसर पडतो, आणि आपण शाईवर संशय घेत बसतो.

तर तुमच्यापुरतं. आज काहीही विकत घेऊ नका. नोझल चेक करा, मॉनिटरची चमक उतरवा, मीडिया टाइप तपासा आणि दोन्ही कागदांवर पट्टी छापा. मग एक फोटो ड्रायव्हरच्या ग्रेस्केल पर्यायात, फक्त काळी शाई वापरून छापून पाहा. तुमचा ड्रायव्हर खरोखर फक्त काळी वापरतो का, ते भिंगातून कळेल. झाक जाईल, पण फिक्या भागात काळे दाणे दिसतील. रस्त्यावरच्या, मुळातच दाणेदार फोटोंना हे दाणे शोभतात. मऊ प्रकाशातल्या व्यक्तिचित्रांना शोभत नाहीत. तुमचे बहुतेक फोटो पहिल्या प्रकारचे असतील तर आहे त्याच प्रिंटरवर भागू शकतं. नसतील तर पुढचा प्रिंटर दोन राखाडींचा घ्या, आणि पहिले काही महिने कंपनीची शाई आणि कंपनीचाच मोड वापरा. रिपची गरज खरोखर आहे की नाही, ते तुमच्या पट्ट्याच सांगतील.

नवीन प्रिंटची पारख लगेच करू नका. डायचा राखाडी छापल्यावर काही तास सरकत राहतो. पिगमेंटही वाळताना थोडा बदलतो. साधा कागद वर ठेवून रात्रभर राहू द्या, दुसऱ्या दिवशी मोजा आणि मगच फ्रेम करा. नाही तर शाईतला ग्लायकॉल हा द्रावक बाहेर पडून काचेला आतून धूसर थर चढतो.

हे सगळं करूनही अडलात तर प्रिंटरचं मॉडेल, कागदाचं नाव, निवडलेला मीडिया टाइप आणि दोन्ही पट्ट्यांचे स्कॅन पाठवा. फोटोचा स्कॅन नको, त्यावरून काही सांगता येत नाही.